बोटीवर जेवायला काय नेसायचं

भोईवाडा, परळ
२० जानेवारी २०२५

ति. वन्सं,
जय भीम.

गुडघ्यांचं कारण देऊन तुम्ही बोटीवर यायला नाही म्हणालात, हे मी सम्यकला कळवलं. तो टोरांटोहून म्हणाला, आत्याला परत एकदा विचार. मी म्हटलं, तुझ्या आत्याने एकदा नाही म्हटलं की तिचा सख्खा भाऊसुद्धा परत विचारत नसे. तेव्हा मी एकटीच निघते. सम्यकने हे तिकीट आम्हा दोघांच्या लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसासाठी काढलं होतं. जूनमध्ये तुमचा भाऊ गेला, तिकीट मात्र राहिलं. ते रद्द होत नाही म्हणतात. मुंबईहून निघून गोवा, कोची करत परत मुंबई.

आता खरी अडचण सांगते. बोटवाल्यांनी एक कागद पाठवलाय. त्यात लिहिलंय की रात्रीच्या जेवणाला मुख्य हॉलमध्ये कॅज्युअल पण नीटनेटका पोशाख हवा. अर्धी चड्डी, बनियन, पोहायचे कपडे, झोपायचे कपडे, रबरी चपला चालणार नाहीत. म्हणजे काय चालणार नाही ते सगळं लिहिलंय, काय चालेल ते कोणी लिहीतच नाही. साडीचं तर नावसुद्धा नाही. शेजारची रुपाली म्हणते, पंजाबी ड्रेस घाला काकी. मी आयुष्यात घातला नाही, आता चौसष्टाव्या वर्षी त्या ड्रेसने माझं काय वाईट केलंय, म्हणून त्याला छळू?

तुम्हाला आठवतं का, तुमच्या भावाला वरळीला नेऊन बसवलं की तो लांबची दिव्यांची बोट बघत राहायचा. म्हणायचा, "आत लोक काय करत असतील गं?" मी म्हणायची, "जेवत असतील." मग हा विचारायचा, "काय घालून?" भोईवाडा कोर्टात जन्मभर शिपायाचा पांढरा ड्रेस घातलेला माणूस, त्याला दुसरं काय सुचणार? तेव्हा मी हसायची. आता तोच प्रश्न मी तुम्हाला विचारतेय.

आणि वन्सं, तुमच्यापासून काय लपवायचं. नेसायचं काय ही अर्धीच अडचण आहे. तो गेल्यापासून मी ताट वाढून घेऊन बसून जेवलेली नाही. ओट्यापाशी उभी राहते, पातेल्यातूनच चार घास घेते, पाणी पिते, झालं. एकटीने ताटावर बसलं की समोरची भिंत अंगावर येते. तिथे तर टेबल, खुर्ची, काटे-चमचे, आणि मी एकटी. मला जमेल का?

फोन केला असता, पण तुम्ही फोन घेत नाही. मलाही हॉस्पिटलच्या बोर्डावर तीस वर्षं दुसऱ्यांचे फोन जोडून जोडून त्याचा कंटाळाच आहे. पत्र बरं.

तुमची,
चंपा

नाशिकरोड
२५ जानेवारी

चि. चंपा,
जय भीम आणि आशीर्वाद.

पत्र वाचून आधी हसले, मग रागावले. हसले ते त्या कागदाला. आमच्या शाळेतही असाच एक हेडमास्तर होता, मुलींनी काय घालू नये याची त्याची यादी फळ्यापेक्षा लांब. रागावले ते तुझ्या पातेल्याला. पातेल्यातून कोण खातं? तुझ्या सासूने बघितलं असतं तर चमचा फेकून मारला असता.

आता ऐक. कॅज्युअल म्हणजे साधं, आणि साधं म्हणजे गबाळं नव्हे. पहिल्या रात्री ती निळी वायलची नेस, इस्त्री करून. आणि अकरा तारखेला, लग्नाच्या वाढदिवसाला, लग्नातली पांढरी. बारीक निळ्या काठाची. दादरला मीच घेतली होती ती, दुकानदार म्हणत होता नवरीला पांढरी कशी देऊ, आणि मी म्हटलं आमच्यात पांढऱ्यातच लग्न लागतं, तुम्ही नुसती घडी उलगडा. त्या साडीपेक्षा जास्त नीटनेटका पोशाख त्या बोटीवर कोणाकडे असेल?

मी येत नाही म्हणून वाईट वाटून घेऊ नकोस. इथून माझा पाय निघत नाही. अभयचं ऑफिस, सूनबाई अपेक्षाचं ऑफिस, नातू चिकूची परीक्षा, सगळा गाडा माझ्या डोक्यावर. संध्याकाळी जेवायला बसलो की टेबलावर कोपर टेकायला जागा नसते. तुझ्यासारखी शांतता मला मिळाली तर मीही पातेल्यातून खाईन!

जमेल का म्हणून विचारतेस. न जमायला काय झालं? समोर माणूस नसलं तर वाढणाऱ्याकडे बघ. अकरा तारखेला रात्री साडेआठला तू तिथे पांढरी नेसून जेवायला बस, मी इथे पांढरी नेसून बसते. घरातल्या सगळ्यांना बसवते. माझ्या धाकट्या बाबूच्या नावाने खीर करते. म्हणजे तू एकटी नाहीस. कळलं?

गुडघे बरे आहेत.

तुझी,
रमाबाई

भोईवाडा
२ फेब्रुवारी

ति. वन्सं,
जय भीम.

साडी काढली. घडीवर पिवळी रेघ पडली होती, धोब्याने सोडा-लिंबू करून काढली. ब्लाऊज काही केल्या होत नाही, तो नवा शिवायला टाकलाय. नायगावचा शिंपी म्हणाला, "पांढरा? कोणाचं काय झालं?" मी म्हटलं, "माझं लग्न झालं." त्याने मापंच चुकवून ठेवली.

तरी मन कचरतंय. पांढरं नेसून गेले की सगळे वळून बघणार. आपल्या वस्तीत पांढरं म्हणजे सणाचं, वंदनेचं, लग्नाचं. परळचा पूल ओलांडला की त्याच साडीचा अर्थ लोक भलताच काढतात. रंगीत नेसली तर निदान कोणाच्या डोळ्यात तरी येणार नाही. तुम्ही म्हणाल भित्री आहेस. आहेच.

मी रोज सराव करतेय, हसू नका. काल ताट वाढून घेतलं, खाली बसले. पहिला घास तोंडापर्यंत नेला आणि उठले. गॅस बंद केलाय का बघायला. गॅस बंद होता. मग परत बसायचं काही झालं नाही.

तुमच्या घरात एवढी माणसं, मला तुमचा हेवा वाटतो. खरंच वाटतो. इथे रुपालीकडे टीव्ही लागला की मी भिंतीजवळ जाऊन उभी राहते, कोणाचा तरी आवाज म्हणून.

तुमची,
चंपा

नाशिकरोड
६ फेब्रुवारी

चि. चंपा,

भिंतीला कान लावणं बंद कर. आणि पांढरीच नेस. लोकांना अर्थ कळत नाही ही लोकांची अडचण, तू कशाला स्वतःचा रंग बदलतेस? कोणी विचारलंच तर तोंड आहे ना तुला.

सराव कसला करतेस, नाटक आहे का? भूक लागली की बसायचं. आमच्याकडे बघ, चिकू वरण सांडतो, अपेक्षा त्याला ओरडते, अभय मोबाईलमध्ये, मी सगळ्यांवर ओरडते. घरोघरी मातीच्या चुली. हेवा करण्यासारखं काही नाही.

गॅसचा सिलिंडर आज मीच उंबऱ्यातून आत सरकवला. कंबर धरलीय. लवकर लिहून संपवते. अकरा तारीख, साडेआठ. विसरू नकोस.

रमाबाई

बोटीवरून
१२ फेब्रुवारी

ति. वन्सं,
जय भीम.

हे पत्र कोचीला उतरल्यावर पेटीत टाकेन.

बोट फार मोठी आहे. आपल्या अख्ख्या भोईवाड्याला पाण्यात सोडलं असतं तर एवढी झाली असती. माझ्या खोलीला गोल खिडकी आहे, त्यातून नुसतं पाणी दिसतं.

काल पांढरी नेसले. साडेआठला हॉलमध्ये गेले, बसून जेवले. टेबलावर दादरचं एक कुटुंब होतं, माणसं चांगली होती. लग्नाचा वाढदिवस आहे म्हटल्यावर वाढप्यांनी केक आणला, मेणबत्ती लावली, टाळ्या वाजवल्या. सगळा हॉल बघत होता. तुमच्या भावाला आवडलं असतं.

आणि कॅज्युअल म्हणजे काय ते एकदाचं कळलं. पुरुषांनी पूर्ण पँट घालायची आणि बायकांनी काहीही. एका आजोबांना अर्ध्या चड्डीवरून दारातून परत पाठवलं, ते पाच मिनिटांनी बायकोची सलवार घालून आले. त्यांना घेतलं आत!

तुम्हीही बसला असाल. मी साडेआठला तुमची आठवण काढली. खीर कशी झाली?

तुमची,
चंपा

नाशिकरोड
१८ फेब्रुवारी

चि. चंपा,
आशीर्वाद.

पत्र मिळालं, छाती फुगली. बघ, उगाच घाबरत होतीस. केक काय, टाळ्या काय!

आम्हीही बसलो. मी पांढरी नेसले. अपेक्षाने खिरीत बदाम घातले, चिकूने दोन वाट्या खाल्ल्या. अभय म्हणाला, मामाला खीर घट्ट लागायची. सगळ्यांनी बाबूच्या गोष्टी काढल्या. उशीर झाला झोपायला.

आता तिथेही रोज बसून जेवत जा. सवय मोडू देऊ नकोस.

रमाबाई

भोईवाडा
२३ फेब्रुवारी

ति. वन्सं,
जय भीम.

काल दुपारी माझा मोबाईल वाजला. अभय. आवाजामागे तेलुगू बातम्या चालू होत्या. म्हणाला, "मामी, आईचा फोन कालपासून बंद लागतोय, तिला दे ना जरा."

मला काही समजेना. मी म्हटलं, "आई?" तो म्हणाला, "हो, बाहेर गेलीय का? तुम्ही दोघी नाशिकलाच आहात ना?"

वन्सं, तुम्ही मला तुमच्या घरात राहायला आणलंय, हे मला एका शब्दाने कळवायचं तरी! किती महिने राहतेय मी तिथे? भांडी मी घासते की तुम्ही? मला कुठली खोली दिलीय?

तो सांगत होता आणि मी ऐकत होते. गेल्या दिवाळीपासून तो हैदराबादला आहे, अपेक्षा आणि चिकूसकट. तुम्ही त्याला म्हणालात, मी कशाला येऊ तिकडे, चंपा आलीय ना सोबतीला, बिचारी एकटी पडली, तिला सोडून कशी येऊ. शेवटी म्हणाला, "मामी, तू आहेस म्हणून मी निर्धास्त आहे."

मी काय बोलले सांगू? मी म्हटलं, "आई आंघोळीला गेलीय रे. फोन चार्जिंगला लावायला विसरली. सांगते तिला." असं फाडकन खोटं आलं तोंडातून. बोर्डावर बसून तीस वर्षं हेच केलं, "साहेब मीटिंगमध्ये आहेत." फोन ठेवला आणि रडले. तुमच्यासाठी रडले की माझ्यासाठी ते ठरवता आलं नाही.

तुमचा फोन बंद ऐकून जीव टांगणीला लागला होता. रात्री तुमच्या खालच्या मजल्यावरच्या किराणावाल्याचा नंबर शोधून काढला, अभयच्या जुन्या लग्नपत्रिकेवर निरोपासाठी दिलेला होता. तो म्हणाला, मावशी सकाळीच पाव घेऊन गेल्या, एकच. तेव्हा कुठे झोपले.

तुम्ही फोन का टाळता ते आता कळलं. पत्रात चिकू वरण सांडतो. फोनवर घर ऐकू येतं. माझे कान ऑपरेटरचे, मला तुमच्या रिकाम्या खोल्या ऐकू आल्या असत्या.

तुमचं उघडं पडलं, तर माझंही पडू दे. बोटीवरून मी तुम्हाला गोड गोड लिहिलं, ते सगळं तसं नव्हतं.

पहिल्या रात्री निळी वायल नेसून हॉलच्या दारात गेले. तिथल्या मुलीने विचारलं, "एकट्याच? फक्त एक?" मी हो म्हणायचं, तर मागे फिरले. वर डेकवर बुफे होता, तिथे कोणी काहीही घालून फिरत होतं. बशी घेतली आणि कठड्याला टेकून उभ्यानेच खाल्लं. एवढी मोठी बोट, आणि मी ओटा शोधून काढला!

दुसऱ्या रात्री पांढरी नेसले आणि तुमच्या धाकाने बसले. दादरच्या त्या बाई खरंच चांगल्या होत्या. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि हळूच म्हणाल्या, "आता कोणी असं पांढरं पाळत नाही हो. किती दिवस झाले साहेबांना?" मला इतका राग आला वन्सं! ही माझी लग्नाची साडी, हिला ही काय समजते? मी ताठ म्हटलं, "ही नवरीची साडी आहे. आज माझ्या लग्नाचा वाढदिवस आहे." त्या बिचाऱ्या ओशाळल्या, माफी मागितली. आणि मग मला कळलं, की बाईंनी साडी चुकीची वाचली होती, पण माणूस बरोबर वाचलं होतं. मी विधवाच होते. तिने विचारलं ते खरंच होतं.

ते सांगायचं राहून गेलं, कारण वाढप्याने वाढदिवस ऐकला होता. चौघे जण केक घेऊन आले, गाणं म्हटलं. एक जण हसत म्हणाला, "सर कुठे आहेत?" सगळं टेबल माझ्याकडे बघत होतं. मी म्हटलं, "खोलीत झोपलेत. बोट लागली त्यांना." त्याने केकचा तुकडा कागदात बांधून दिला, सरांसाठी. तो मी खोलीपर्यंत घेऊन गेले. दुसऱ्या उशीजवळ ठेवला. सकाळी कोचीला उतरताना टाकावासा वाटेना, म्हणून खाल्ला. उभ्याने.

तर असं आहे. तुम्ही मला तुमच्या घरात ठेवलंत, मी त्याला बोटीवर झोपवलं. भावजय नणंदेच्या वळणावर गेली म्हणायची.

आता मी काय करणार ते सांगते. अभयला खोटं बोलले, ते मला खरं करायचंय. येत्या शनिवारी सकाळच्या एसटीने निघते, दुपारपर्यंत पोचते. नाही म्हणायचं असेल तर तसं पत्र टाका. ते इथे पोचेपर्यंत मी तिथे पोचलेली असेन.

रात्री साडेआठला जेवण. पोशाख कॅज्युअल. गाऊन चालेल, खांद्यावर टॉवेल चालेल, रबरी चपलाही चालतील. पातेलं चालणार नाही.

तुमची,
चंपा

नाशिकरोड
२७ फेब्रुवारी

चंपा,

हे पत्र तुला मिळणार नाही, तू निघालेली असशील. तरी लिहिते. आलीस की हातात देईन, तोंडाने मला सांगता येणार नाही.

तुझा सम्यक परदेशी गेला तेव्हा मी काय काय बोलले होते. माझा अभय मला कधी सोडणार नाही, संस्कार लागतात, वगैरे. तू एका शब्दाने उलट बोलली नाहीस. मग अभयची बदली झाली. त्याने मला चल म्हटलं, नाही असं नाही. पण त्याच्या दोन खोल्यांत मी कुठे मावणार, आणि तिथे मला शेजारणीशी भांडतासुद्धा येणार नाही, भाषा येत नाही. एकटी राहते म्हटलं असतं तर त्याने उचलूनच नेलं असतं. म्हणून तुझं नाव घेतलं. आणि तुला काय तोंडाने सांगणार होते? झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. उघडली की काही नसतं तिच्यात.

बोटीवर मी आले नाही ते गुडघ्यांमुळे नाही, आणि चिकूच्या परीक्षेमुळे तर नाहीच. चार दिवस तुझ्याबरोबर एका खोलीत राहिले असते तर माझा फोन एकदाही वाजला नसता. ते तू ऐकलं असतंस.

अकरा तारखेला मी पांढरी नेसले, हे मात्र खरं. खीर केली, तेही खरं. साडेआठला टेबलाशी बसले. बदाम नव्हते. चिकूने दोन वाट्या खाल्ल्या असं लिहिलं, त्या दोन वाट्या मी भरून समोर मांडल्या होत्या. बाबूला मी लहानपणी मांडीवर घेऊन भात भरवायची, तो घास तोंडात धरून ठेवायचा, गिळायचाच नाही. ते आठवलं आणि माझाही घास तसाच राहिला. खीर दुसऱ्या दिवशी कामवाली घेऊन गेली. तुझ्यासारखीच मी, फक्त माझं पातेलं मोठं.

फोन बिघडला नव्हता. बंद करून ठेवला होता. वाजत नाही म्हणून वाट बघण्यापेक्षा बंद बरा.

माळ्यावरून दुसरं ताट काढलं. घासावं लागलं.

तू गाऊन म्हणतेस, गाऊन उद्यापासून. आज पांढरीच नेस, माझी दुसरी तुझ्यासाठी काढून ठेवलीय. मीही नेसते. समोरच्या दारातली बाई कधी बोलत नाही, पण दोन म्हाताऱ्या पांढऱ्यात बघितल्या की धावत येऊन विचारेल, कोण गेलं म्हणून. मी दार सताड उघडं ठेवणार आहे. सांगेन तिला, कोणी गेलं नाही, माझी चंपा आलीय.

रमाबाई